निखाऱ्यांची विश्रांती

बैलाच्या छातीचा जो स्नायू त्याच्या देहाचा भार आयुष्यभर वाहतो आणि म्हणूनच चिवट होतो, तो ब्रिस्केट या नावाचा तुकडा टेक्सासात लाकडाच्या धुरावर रात्र जागून शिजवितात. पूर्व युरोपातून अमेरिकेस गेलेल्या ज्यूंच्या घरी मात्र तोच कांद्यासह झाकणबंद भांड्यात ठेवून ओव्हनच्या मंद उष्णतेवर सोपवितात, आणि आतले तापमान 90 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेतो त्याचे चिवट तंतू विरघळून मांस मऊ होते. धुराचा अभाव ही या पद्धतीची उणीव समजली जाते. मला ती तशी वाटत नाही. धुराच्या भट्टीला सरपण सारणारा हात सतत हवा असतो, बंद ओव्हनला तो नको असतो. आणि ज्या धर्माने सातव्या दिवशी हात आवरण्याचा हुकूम शिरसावंद्य मानला, त्याच्यापुढे फार पूर्वीच हा प्रश्न उभा राहिला, की माणूस थांबल्यावर त्याने लावलेला अग्नी आपले काम करीतच राहिला, तर ते काम कोणाचे?

इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या सातव्या दिवशी, निषिद्ध अशी 39 कामे गणली आहेत, आणि तेथेच शम्माई व हिल्लेल या दोन आचार्यांच्या संप्रदायांचा वादही नमूद आहे. लोकर शुक्रवारी दिवसाउजेडीच रंग घेणार नसेल, तर ती रंगाच्या कढईत घालूच नये, असे शम्माईचे अनुयायी म्हणत. हिल्लेलच्या अनुयायांनी सूर्यास्तापूर्वी ती घालण्यास मुभा दिली. पहिल्या मताच्या मुळाशी भांड्यांनाही विश्रांती हवी हा विचार आहे, असे मिश्नेवरील चर्चेचा ग्रंथ तालमूद सांगते. निवाडा हिल्लेलच्या बाजूने झाला, तरी शम्माईच्या मतातील कारुण्य मला आजही मोहविते.

पुढच्या शास्त्रकारांना भय वाटले ते अग्नीचे नव्हे, मनुष्याच्या अधीरतेचे: भुकेला माणूस निखारे चाळवील. बेन द्रोसाई नावाचा एक दरोडेखोर घाईने अर्धेकच्चे अन्न खात असे. त्याला खाता येण्याइतपत शिजलेले अन्न निखाऱ्यांवर राहू द्यावे, असे मत तालमुदात आहे. याहून मार्मिक अशी तेथील सूट मात्र कच्च्या मांसाविषयी आहे. अगदी सूर्यास्ताच्या तोंडावर चुलीवर चढविलेले कच्चे मांस चालते, कारण ते रात्रीच्या जेवणापर्यंत शिजणारच नाही हे ठाऊक असल्याने मनुष्य त्याची आशा सोडतो, आणि आशा सुटली की हातही निखाऱ्यांकडे जात नाही. उशिरा शिजणारा पदार्थच येथे संयमाला जामीन राहतो! आजच्या ओव्हनने ही गुंतागुंत वाढविली आहे, कारण दार उघडताच थंड हवा आत शिरते, उष्णतानियंत्रक जागा होतो आणि न केलेले काम आपल्या हातून घडते.

कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या तेल्यांना तालमूद परिचित नव्हते, तरी शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. शब्बाथच्या मूळ आज्ञेत गुराढोरांच्या विश्रांतीचाही समावेश आहे. बैल जुवातून सुटला की घाणा आपोआप थांबतो, आणि भांडे विसावले की नाही या वादाला तेथे जागाच उरत नाही. निखाऱ्याला असे जुवातून सोडता येत नाही.