परवानगी कोणाची?

तुरुंगातल्या बाईला ‘अभ्यासात सहभागी व्हाल का?’ असं विचारलं, तर तिच्या होकाराला किती वजन द्यायचं? नाही म्हटलं तर अधिकारी नाराज होतील, हो म्हटलं तर तासभर बराकीबाहेर बसता येईल. हिशेब दोन्हीकडे आहेच. म्हणून बंदिनींवरचं संशोधन वाचताना मी आधी पाहते, की प्रश्न कोणी काढले.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, मेपल रिजच्या ॲलुएट महिला कारागृहात २००५ नंतर ते बंदिनींनी काढले. तुरुंगात डॉक्टर असलेल्या रूथ मार्टिन यांनी त्यांनाच चमूत घेतलं. विषय त्यांचे, माहिती जमवणं त्यांचं, मांडणीही त्यांची. निरोगी जगण्यासाठी काय हवं, याची नऊ उद्दिष्टं त्यातून निघाली. मुलांशी आणि घरच्यांशी सुधारलेलं नातं, सुरक्षित घर, हाताला कसब, समाजाच्या उपयोगी पडता येणं. आणि दात. हो, दातांचं वेगळं उद्दिष्ट! बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रश्नावली केली असती, तर ‘गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?’ हे नक्की विचारलं असतं. दात बहुधा कोणाला सुचले नसते. पण पुढचे दात गेलेल्या बाईने सुटल्यावर नोकरी मागायला कोणत्या तोंडाने जायचं?

हे सगळं चाललं, कारण तेव्हाच्या तुरुंगप्रमुख ब्रेंडा टोल यांचा त्याला पाठिंबा होता. २००७मध्ये प्रशासन बदललं आणि आतलं संशोधन थांबलं. बंदिनींना बाळ जवळ ठेवू देणारी तिथली योजनाही २००८मध्ये बंद झाली. ती बंद करणं घटनाबाह्य होतं, असं न्यायालयाने २०१३मध्ये ठरवलं. तोवर कितीतरी बाळं आईपासून दूर वाढली असणार.

आपल्याकडेही पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात १५ बंदिनींशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीतली मारहाण सांगितली, आणि त्यातून १९८३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: महिला आरोपींच्या कोठडीवर महिला पोलिसांचाच पहारा हवा. पुढे कैद्यांच्या मुलाखती टेप केल्यावर याच बारसेंची परवानगी मागे घेतली गेली.

साहेबांच्या मर्जीवर चालणाऱ्या सहभागाला मी सहभाग म्हणणार नाही. कारागृह विभागाने अशा अभ्यासाला लेखी, ठरावीक मुदतीची परवानगी द्यावी, अधिकारी बदलला तरी ती टिकावी, आणि तिची प्रत मराठीत बंदिनींच्या हातात असावी.