खाडीचा वारा आणि घरातले नाम

दिवसभर पाऊस कोसळतो, दारे-खिडक्या लावून घरात बसावे लागते, हरिपाठ हाती घेतला तरी चित्त लागत नाही; आणि सायंकाळी उघडीप होऊन खाडीकडे पाय वळले की तेच नाम आपसूक ओठांवर येते. हे असे का? चातुर्मासात आम्हां कोपरच्या माळकरी मंडळींत हा प्रश्न हटकून निघतो.

कोपर काही समुद्रकाठ नव्हे. पण बदलापूर-कल्याणवरून आलेली उल्हास नदी इथे खाडीच झालेली असते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. नैऋत्येचा वारा तिवरांवरून चिखलाचा वास घेऊन येतो. चार पावले चालावे तो छाती मोकळी होते, मनही. कुणी म्हणतात, हा इंद्रियांचा भोग, भक्तीशी याचे काय? आम्हांस हे पटत नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर, तेही पावसापाण्यातून, चालणे हेच ज्यांनी साधन मानले, त्यांनी वाऱ्याचा विटाळ कशाला मानावा? तुकोबाही देहूतले घर सोडून भंडाऱ्याच्या डोंगरावर जात.

खरी अडचण पुढेच आहे. वाऱ्यानेच नाम येत असेल, तर अंथरुणाला खिळलेल्याने काय करायचे? खाडीकाठच्या ज्या घरात पाणी शिरले, तिथल्या बाईला उघडीप म्हणजे फिरायला जाणे नव्हे, चिखल उपसणे. २००५ च्या २६ जुलैचा उल्हासचा पूर ज्यांनी अंगावर काढला, त्यांना हे सांगायला नको. आमच्या सुखाचा आणि त्यांच्या हालाचा पाऊस एकच.

सावतोबा अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. चोखोबांना तर देवळाचे दारच बंद. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. आम्ही एक दिवस आत कोंडलो म्हणून कुरकुरतो, त्यांना जन्मभर बाहेर ठेवले होते! त्यांचे नाम कोणत्या वाऱ्याने आणले?

आम्हांस वाटते ते असे. नाम घरातही होतेच. पण दिवसभर आपण मोजत बसतो : गाड्या किती उशिरा, कपडे वाळले नाहीत, पाऊस थांबेल कधी. ओठ हरी म्हणतात, मन खिडकीशी. वारा अंगाला लागला की ही मोजदाद थांबते, एवढेच. सावतोबांनी ती वाफ्याला पाणी देता देता थांबवली. आपल्याला तेवढे जमत नाही, म्हणून वाऱ्याची मदत घ्यावी, खुशाल घ्यावी. फक्त ती मदत सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे डोळ्यांआड करू नये.

तेव्हा मंडळींना आमची एक सूचना आहे. पावसाळ्यात संध्याकाळचा हरिपाठ, ज्यांना जिना उतरवत नाही अशांच्या खोलीत करावा. आधी कुणाच्या घरात चिखल असेल तर चार जणांनी तो काढून यावे. आणि हरिपाठाला बसताना खिडकी उघडी ठेवावी. पावसाचे चार शिंतोडे आत आले, तर येऊ द्यावेत.