दान आणि वारसा : 'क्रिश' चित्रपटमालिकेतील एक नैतिक प्रश्न

मुंबईच्या उपनगरांत स्थिरावलेल्या हिंदी चित्रपटव्यवसायातील राकेश रोशन यांच्या विज्ञानपटमालिकेचा आरंभ 'कोई... मिल गया' (२००३) या चित्रपटाने झाला. त्यातील रोहितची बौद्धिक वाढ खुंटलेली आहे. त्याला 'जादू' या परग्रहवासीयाकडून सामर्थ्य लाभते. ते दान असल्यामुळेच ते हिरावलेही जाऊ शकते. जादू निघून गेल्यावर रोहित पूर्ववत होतो आणि सामर्थ्यावाचून या माणसाचे मोल काय, हा प्रश्न उभा राहतो. शेवटी सामर्थ्य परत बहाल करून चित्रपट त्या प्रश्नाला बगल देतो.

'क्रिश'मध्ये (२००६) तेच सामर्थ्य रोहितच्या मुलाकडे जन्मतःच येते; दानाचा वारसा होतो. 'क्रिश ३'मधील (२०१३) 'काल' हा खलनायकही रोहितच्याच जनुकांतून निर्माण झालेला आहे. वारसा सद्वर्तनाची हमी देत नाही, हे त्यातून सूचित होते. परंतु कालचे शरीर लुळे आहे, आणि त्यावरील उपायाचा शोध हीच त्याच्या क्रौर्यामागील एक प्रेरणा आहे. म्हणजे पूर्वी नायकाला सहानुभूती मिळवून देणारी विकलता येथे खलत्वाची खूण ठरते. तंत्रदृष्ट्या ही मालिका निश्चितच प्रगत झाली; विकल माणसाविषयीची तिची समज मात्र पहिल्या चित्रपटाहून संकुचित झाली, असेच म्हणावे लागते.