पेशी काय खातात?

माझी भाची हैदराबादला औषधांच्या संशोधनात आहे. दिवाळीला बेळगावला आली तेव्हा फराळ करता करता म्हणाली, "मावशी, नव्या औषधाची पहिली चाळणी आम्ही पेशींवर करतो. उंदीर नंतर, आणि तेही थोडे."

मग तिनं समजावलं. थिओडोर पक या शास्त्रज्ञानं 1957 साली चिनी हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्याच एका प्राण्याच्या, अंडाशयातून पेशी काढल्या. त्या आजही जगभर वाढताहेत. औषधाचा रेणू माणसाच्या शरीरात जिथं चिकटतो तो भाग त्या पेशींत बसवतात. रेणू चिकटला की आतलं कॅल्शियम वाढतं, आधी घातलेला रंग चमकतो आणि यंत्र ती चमक मोजतं. तळहातात मावेल एवढ्या ताटलीत 384 खळगे असतात!

मला बरं वाटलं. पण बाईमाणूस मी, पहिला प्रश्न तोच आला. "अगं, त्या खातात काय?"

ती जरा थांबली. म्हणाली, "सीरम." गाभण गाय कत्तलखान्यात कापली की पोटातल्या वासराचं रक्त काढतात, त्यातून ते होतं. पेशींच्या पोषणद्रवात बहुधा 10 टक्के तेच.

हातातली करंजी मी खाली ठेवली.

आपल्याकडे हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. यातली संकल्पी श्रावकानं सोडायचीच. भाची म्हणते, ही उद्योगी. गाय काही सीरमसाठी मारत नाहीत. चामड्याची चप्पल घालणारेही हेच म्हणतात. पण तिला बोलायला माझं तोंड कुठं आहे? माझी रक्तदाबाची गोळी कुणाच्या जिवावर तयार झाली, हे मी कधी विचारलं होतं? आमच्या सासूबाई पाणी गाळून झालं की गाळणं धुऊन जिवाणी त्याच विहिरीत सोडत. नुसतं मारायचं नाही एवढंच नव्हे, जिथून घेतलं तिथं परत पोचवायचं. गोळी घेताना मी पाणी मात्र गाळूनच घेते, याचं आता हसू येतं.

सीरमविना पोषणद्रव मिळतं, हेही तिनंच सांगितलं. हॅमस्टरच्या पेशींना ते मानवतं, काहींना नाही. शिवाय खाणं बदललं की जुनी मोजमापं पुन्हा तपासावी लागतात. 2023 साली आपल्या सरकारनं प्राण्यांऐवजी पेशींवरच्या चाचण्या मान्य करणारा नियम केला, त्याचं ती कौतुक करते. मीही करते. वरिष्ठांना तिनं विचारलंय, अजून हो आलेलं नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. "काय खाल्लं?" मी विचारते. कुणाबद्दल विचारतेय ते तिला कळतं.