‘जरा’चं गणित

जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये पोलादाचं लालबुंद बिलेट रोलमध्ये शिरतं, तेव्हा अँमीटरचा काटा एकदम उसळतो. बिलेट नीट तापलेलं नसेल तर मोटर जास्तच कण्हते. मुरलेला ऑपरेटर नुसत्या रंगावरून सांगतो, ‘माल जरा थंड आहे, पुढचा सोडू नको.’ या ‘जरा’वर सळईचा दर्जा, विजेचं बिल आणि मोटरचं आयुष्य अवलंबून असतं. तरीही मोटरच्या ड्राइव्हचं गणिती प्रतिमान तयार करताना आपण तो अडाणी शब्द म्हणून वगळतो. हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये अशा शब्दांना गणितात बसवणारी फझी (धूसर) संचांची कल्पना मांडली. माल थंड आहे की नाही एवढंच न विचारता तो किती थंड आहे, हे 0 ते 1 मधल्या आकड्यात सांगायचं. समजा, एखादं बिलेट 0.6 थंड आणि 0.4 योग्य ठरलं. मग थंड मालाचा आणि योग्य मालाचा असे दोन्ही नियम त्या त्या प्रमाणात लागू होतात आणि रोलचा वेग त्यांच्या मध्ये कुठेतरी ठरतो. भारतात शिकलेले इब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी 1970च्या दशकात लंडनमध्ये अशाच बोलीतल्या नियमांवर वाफेचं छोटं इंजिन चालवून दाखवलं. 1987मध्ये जपानच्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वेही फझी नियंत्रणावर धावू लागली.

पण मिलमध्ये प्रमाणाइतकाच क्रमही महत्त्वाचा. आधी वंगणाचा पंप, मग मोटर, रोल वेगात आले की मगच बिलेट. मोटर ट्रिप होऊन बंद पडली तर कारण शोधून रीसेट, त्याशिवाय स्टार्ट नाही. प्रत्येक घटना एक अक्षर मानली, तर पाळीभराचं काम ही अक्षरांची माळ होते. कोणती माळ चालेल, कोणती नाही, हे औपचारिक भाषेचं व्याकरण सांगतं. रॅमेज आणि वॉनम या संशोधकांनी 1980च्या दशकात यावरच नियंत्रणाची एक शाखा उभी केली.

इथे मात्र ‘जरा’ला थारा नको. कामगाराचा हात रोलजवळ असताना स्टार्टची परवानगी 0.2 असू शकत नाही. वेग किती, हे फझी नियमांनी ठरवावं. परवानगी आहे की नाही, हे व्याकरणाने.

हे नियम ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसं आज भट्टीसमोर उभी आहेत, उद्या निवृत्त होतील. जालन्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी संगणक उघडण्याआधी एक अख्खी पाळी त्यांच्याशेजारी उभं राहून, ते बोलतात तसेच नियम वहीत उतरवून घ्यावेत. आणि मिलमालकांनी त्यासाठी दार उघडावं.