राग आवरत नाही की आवरायचा नसतो?

घरी पाहुणे आले आहेत. चहा घेताना त्यांच्या हातून कप निसटतो आणि फुटतो. तुम्ही लगेच म्हणता, "असू द्या हो, कपच तर आहे!" आता विचार करा, तोच कप घरकामाला येणाऱ्या अक्कांच्या हातून फुटला तर? किंवा तुमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातून? कपाची किंमत तीच आणि फरशीवरचे तुकडेही तेवढेच. तुमचे शब्द मात्र बदलतात.

आपण नेहमी म्हणतो, "काय करू, राग आवरतच नाही." पण पाहुण्यांसमोर तो आवरला होता, तोही एका क्षणात. म्हणजे राग आवरण्याची शक्ती तुमच्याकडे आहेच. ती कोणासाठी वापरायची आणि कोणासाठी नाही, हे आपण नकळत ठरवून टाकले आहे. जो उलट बोलू शकत नाही, त्याच्यावर राग काढणे सोपे असते.

साधा आठवडा, छोटे अपघात

बेंगळुरूमधल्या एखाद्या घरातला साधा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी दूध उतू जाते. मंगळवारी संध्याकाळी जोराचा पाऊस येतो, वीज जाते आणि इडलीचे पीठ अर्धवट वाटलेले राहते. बुधवारी सांगितलेला पाण्याचा टँकर येतच नाही. नळ कोरडा असताना कोणीतरी तो उघडाच ठेवून जाते आणि गुरुवारी आलेले पाणी सगळे वाहून जाते. शुक्रवारी मोरी तुंबते आणि प्लंबर "पाच मिनिटांत येतो" असे सांगून दुपारी उगवतो.

यातले एकही संकट मोठे नाही. तरी शनिवारपर्यंत घरातली माणसे एकमेकांशी तुटक बोलू लागतात. असे का होते? कारण प्रत्येक वेळी पहिला प्रश्न असतो, "हे कोणी केले?" दूध पुसून दोन मिनिटांत ओटा स्वच्छ होतो. त्या प्रश्नातून लागलेला बोल मात्र दिवसभर सलत राहतो.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची पुढची वाट दाखवली आहे. क्रोधातून मोह होतो, मोहाने स्मृती ढळते आणि मग बुद्धीच काम करेनाशी होते. उतू गेलेल्या दुधापाशी हे अगदी खरे ठरते. आपण ओरडत राहतो आणि गॅस बंद करायचे विसरतो!

मग चूक दाखवायचीच नाही का?

हा प्रश्न योग्य आहे. शांत राहणे म्हणजे निष्काळजीपणाकडे डोळेझाक करणे नव्हे. बेंगळुरूला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येते आणि त्यासाठी ते जवळपास ५०० मीटर उंच चढवावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या अनेक कूपनलिका आटल्या. तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवण्यात आला. अशा शहरात नळ उघडा राहणे ही छोटी गोष्ट नाही. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला ८६,४०० थेंब वाया जातात.

तेव्हा बोलायला हवेच. प्रश्न आहे तो कसे बोलायचे याचा. पाहुण्यांनी नळ उघडा ठेवला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? "इथे पाण्याची फार ओढाताण आहे हो, नळ तेवढा बंद करत जा." एवढेच. हेच वाक्य अक्कांना आणि मुलालाही पुरेसे असते. समोरचा माणूस घाबरला की त्याला बोल लक्षात राहतो, नळ लक्षात राहत नाही.

दोन आठवणी

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. घरात थोडे तेल सांडले, तर ती मनःशांतीसाठी मोजलेली किंमत समजा, असे त्याने शिकवले. हा माणूस स्वतः गुलाम म्हणून वाढला होता. घरात काही सांडले की राग कोणावर निघतो, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे पैठणच्या संत एकनाथांची आख्यायिका आहे. नाथांना राग आणून दाखवला तर पैसे मिळतील, म्हणून एक गरजू माणूस त्यांच्या घरी आला. जेवण वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरच तो चढून बसला. नाथ म्हणाले, "सांभाळ, ते पडतील." गिरिजाबाई म्हणाल्या की मुलाला पाठीवर घेऊन काम करायची त्यांना सवयच आहे. ज्यांच्या पाठीवर भार पडला, त्यांनीच तो हलका केला. त्या घरात शांती माणूस पाहून वाटली जात नव्हती.

या आठवड्यात करून पाहा

घरात काही सांडले किंवा फुटले, तर आधी हात चालवा: गॅस बंद करा, काचा गोळा करा, फडके घ्या. तेवढ्यात एक श्वास सावकाश सोडा. "कोणी केले?" याऐवजी "कोणाला लागले नाही ना?" हे आधी विचारा. बोलायचे असेल ते काम आवरल्यावर बोला, आणि पाहुण्यांशी बोलाल त्याच आवाजात बोला. वस्तूचे नुकसान मजुरीतून कापायचा विचार मनात आला, तर पाहुण्यांकडून पैसे मागितले असते का, हेही स्वतःला विचारा.

रागाचे खरे नुकसान लगेच दिसत नाही. जिथे प्रत्येक चुकीवर आवाज चढतो, तिथे मुले तुकडे कपाटामागे लपवायला शिकतात. कामाला येणारी बाई तडा गेलेली बशी मुकाट्याने खालच्या थप्पीत सरकवते. वस्तू फुटायच्या थांबत नाहीत, त्यांची खबर यायची थांबते. तुमच्या घरात काही बिघडले की कोण स्वतःहून तुमच्याकडे येऊन सांगते आणि कोण लपवते, याकडे लक्ष द्या. तुमची शांती कोणापर्यंत पोहोचली आहे आणि कोण अजून तिची वाट पाहत आहे, हे तुम्हाला तिथेच कळेल.