डोंगरीची झाडे आणि वारकऱ्याची माळ





वारकरी म्हणजे गळ्यात झाड घालून चालणारा माणूस. आपली माळ सोन्याची नाही, मोत्याची नाही. तुळशीच्या वाळल्या काष्ठाचे मणी ओवून ती केलेली असते, आणि एकदा ती गळ्यात पडली की तिच्या मागोमाग बंधने येतात. मद्यमांस वर्ज्य, एकादशीचे व्रत, नित्याचा हरिपाठ, वर्षाची वारी. ही सारी आपल्याला पाठ आहेत. पण ज्या काष्ठाची ती माळ, त्याच्या जातभाईंशी, म्हणजे गावच्या वडापिंपळांशी आणि रानाशी, माळकऱ्याने कसे वागावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो विचार करावा लागला, त्याला निमित्त डोंगरी गावाचे झाले.

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागावे, म्हणजे मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे लागतात आणि पुढे डोंगरी येते. नावाप्रमाणेच गाव डोंगराला लागून आहे. त्यापलीकडे उत्तनचा समुद्र. या पट्ट्यात आगरी आहेत, कोळी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. इकडे पूर्वेला मात्र शहर वाढतच गेले. 1985 साली मिरा-भाईंदरला नगरपालिका आली, 2002 साली महापालिका झाली, आणि 2011 च्या शिरगणतीत येथली वस्ती आठ लाखांच्या वर भरली. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगररचनेच्या मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सांगितले आहे. म्हणजे एका माणसाला निवांत भजनाला बसता येईल एवढ्या खोलीइतकी. आठ लाखांना ती कोठून पुरवायची? महापालिका बागा करते, त्या हव्यातच. पण बागेला भिंत असते, फाटक असते, उघडण्या-मिटण्याची वेळ असते. डोंगराला फाटक नसते.

दहिसरहून मिरा-भाईंदरला येणाऱ्या मेट्रोची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करण्याची व दुरुस्तीची जागा, आधी राई-मुर्धा-मोर्वा या बाजूला व्हायची होती. तेथल्या लोकांनी आपली घरे आणि शेते जाणार म्हणून विरोध केला. तो योग्यच होता. मग कारशेड पुढे सरकली आणि डोंगरीला आली. तिच्यासाठी बारा हजारांच्या आसपास झाडे तोडण्याचा प्रस्ताव 2025 साली पुढे आला. नोटीस निघाली, हरकती गेल्या, गावकरी आणि शहरातली माणसे विरोधाला उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही आगगाडीचे वैरी झालात काय? छे, छे. भाईंदरहून सकाळच्या गाडीला लोंबकळत मुंबईला जाणाऱ्यांत आपले माळकरीही आहेत. विरारहून भरून आलेल्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे त्यांना आम्ही सांगावे असे नाही. मेट्रो हवी. कारशेडही कोठेतरी हवीच. आमचा प्रश्न एवढाच आहे की राईहून सरकले, मोर्व्याहून सरकले, ते शेवटी कोणापाशी येऊन थांबले? जो बोलत नाही त्याच्यापाशी. माणूस मोर्चा काढतो, झाडाला हरकतीचा अर्ज लिहिता येत नाही.

येथे संतांची आठवण होते. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकल्या आहेत आणि ऐकून माना डोलविल्या आहेत. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याची बाजू संताने घेतली, हे त्यांचे मर्म. तुकोबांनी तर झाडावेलींना आपल्या नातलगांत मोजले. आणि ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत असत. कोणा श्रीमंताच्या बागेत नव्हे.

पण याहून नेमका दाखला आळंदीचा आहे. संप्रदायात सांगतात ती कथा अशी की, एकनाथ महाराजांचा घसा दुखू लागला, आणि स्वप्नात ज्ञानोबारायांनी सांगितले की अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ पैठणहून आळंदीला आले. त्यांनी समाधीत उतरून ती मुळी दूर केली. आता वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. प्रत्यक्ष माउलींच्या गळ्याला त्रास देणारे झाड! कोणी म्हणाला असता, उपटून टाका, कुऱ्हाड आणा. नाथांनी मुळी सोडविली आणि झाड राखले. त्या अजानवृक्षाखाली आजही भाविक ज्ञानेश्वरीचे पारायण करीत बसतात. अडचण होती मुळीपुरती, तेव्हा हातही मुळीपुरताच चालला. रूळ कोठे वळवावे, शेड किती लांबीची करावी, हे इंजिनियर मंडळींनी ठरवायचे, तो आमचा प्रांत नव्हे. परंतु मुळी काढून भागते काय, हा प्रश्न कुऱ्हाडीच्या आधी विचारावा, एवढे तर नाथांनी शिकविले आहे की नाही?

यावर ठरलेले उत्तर येते: तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरी लावू. शहरातील झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 सालचा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असे ठरले. कायदा वाईट नाही. पण एक दृष्टांत पाहा. शेजाऱ्याने तुमची दुभती गाय नेली आणि पाच वासरे परत केली. तीही तुमच्या गोठ्यात नव्हे, शंभर कोसांवरच्या गावी. वहीत हिशेब जमला, किंबहुना चार जनावरे जास्तच झाली. पण तुमच्या लेकराला संध्याकाळचे दूध कोण देणार? ही अतिशयोक्ती समजू नये. वर्सोव्याहून भाईंदरकडे येणाऱ्या किनारी रस्त्यासाठी हजारो खारफुटीची झाडे जाणार म्हटल्यावर, भरपाईच्या वनीकरणासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील जमीन पुढे आली. चंद्रपुरात झाडे वाढोत, आनंद आहे. भाईंदरच्या खाडीचा काठ त्यांनी कसा धरून ठेवावा? सावली आणि मुळांची पकड या गाडीत घालून दुसरीकडे पाठविता येत नाहीत. डोंगर उघडा पडला की पावसाची माती त्याच डोंगराच्या पायथ्याशी वाहून येते.

वारीच्या वाटेवर हे आपण पायांनी अनुभवतो. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसली. रस्ता मोठा झाला, दिंड्यांना चालायला कडेने वेगळी वाट ठेवली, हे चांगले झाले. जुने वड गेले, हेही खोटे नाही. रुंद डांबरावर उन्हाच्या वेळी विसावा घ्यायला टेकावे कोठे, हे ज्याच्या डोक्यावर तुळशीवृंदावन आहे त्या माउलीला विचारावे.

आणि दोष सरकारच्याच पदरी टाकून मोकळे व्हावे, हे आम्हांला पटत नाही. आपल्याच देवळांकडे पाहा. पिंपळाचा पार बांधायचा म्हणून बुंध्याला चिकटवून सिमेंट ओततात, वर चकचकीत फरशी, फरशीवर देणगीदाराचे नाव. खालचे मूळ पाण्यावाचून गुदमरते त्याचे काय? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. आपल्या विश्वस्तांनी कोणाच्या आदेशाची वाट कशाला पाहावी? छिन्नी-हातोडा घेऊन ती एक मीटर फरशी यंदाच काढून टाकावी. देणगीदाराचे नाव भिंतीवर लावता येते.

अरणच्या सावतोबांचे उदाहरण आम्हांला यासाठी फार मोठे वाटते. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आणि म्हणून सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण सावतोबांना भेटायला पांडुरंगाची पालखी अरणला जाते. देव ज्याच्या घरी चालत गेला त्याने केले काय होते? रोपांना पाणी घातले होते, दररोज, मोट चालवून.

झाडे लावण्याचे कार्यक्रम आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात उदंड होतात. खड्डा, रोप, फोटो, प्रसाद. पाऊस आहे तोवर रोपही तग धरते. खरी परीक्षा फाल्गुनापासून पुढे. तेव्हा मिरा-भाईंदरच्या, आणि तशाच इतर शहरांतल्या, भजनी मंडळांना आमची एक सूचना आहे. झाडे तोडण्याची नोटीस निघाली की हरकतीची मुदत लहान असते. मंडळातल्या लिहित्या माणसाने त्या नोटिशीवर नजर ठेवावी आणि मुदतीत अर्ज द्यावा. डोंगरीचे गावकरी कोणत्या देवळात किंवा चर्चमध्ये जातात हे पाहू नये. भेदाभेद मानणे हा आपला धर्म नव्हे. आणि लावलेल्या रोपांसाठी सप्ताहातला विण्याचा पहारा लावावा. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही म्हणून आपण रात्रंदिवस पाळ्या लावतो, एक उठला की दुसरा गळ्यात घेतो, आणि मध्यरात्रीच्या पाळीलाही माणूस मिळतोच. तशीच माघ वद्य एकादशीपासून मृगापर्यंत पाण्याची पाळी धरावी. पाळीचा कागद हरिपाठाच्या जागी लावावा. पहाटेच्या पाळ्या वृद्धांना द्याव्यात, संध्याकाळच्या बायाबापड्यांना सोयीच्या असतील त्या त्यांना. पाणी लांबून आणायचे असेल तर ते हंडे तरुण टाळकऱ्यांनी उचलावेत.